मेलेल्याचा वाटा

महामुनीच्या दारात येणाऱ्या बाईला मी पहिल्यांदा एकच सांगते: चपला माझ्याकडं द्या, दुसऱ्या कुणाकडं देऊ नका. मग दुसरी गोष्ट. महामुनी म्हणजे आमचा बुद्ध; त्याच्या अंगाला वर्खासारखं सोन्याचं पान लावायला वर चढायचं ते पुरुषांनी. आपण खाली चटईवर बसायचं आणि टीव्हीच्या पडद्यावर बघायचं. यावर शिकलेल्या पोरी माझ्याशीच भांडायला उठतात. मी म्हणते, बाई गं, हा नियम काय माझ्या बापानं केलाय? मलाही राग येतोच. दक्षिणेच्या दारात माझा जन्म गेला, आईच्या मागं मी लोकांना दर्शनाला न्यायला लागले, सगळं मंडाले मला दॉ न्यो म्हणून ओळखतं, आणि महामुनीची छाती हाताला कशी लागते ते मला माझा धाकटा भाऊ सांगणार! ऊ सान त्याचं नाव. ज्या बायकांबरोबर पुरुष माणूस नसतो, त्यांचं पान तो वर जाऊन लावतो. डोक्यानं जरा मंद आहे, पण हाताचा स्वच्छ.

त्या दिवशी सकाळी पखुक्कूच्या बसनं दोघी आल्या. सासू आणि सून. सासूचं नाव दॉ सॉ यिन. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, उजेड-अंधार तेवढा कळायचा. अंगावर मांस म्हणून नाही, नुसती काठी. सून मा न्वे, पस्तिशीच्या आतबाहेरची. गालावरचा थानाखाचा पिवळा लेप प्रवासात घामानं ओघळलेला. सासूचा दंड तिनं घट्ट धरला होता, वारा आला तर म्हातारी उडून जाईल असा.

"पान लावायचंय," मा न्वे म्हणाली. "आणि पुण्याचा वाटा द्यायचाय. यांच्या मुलाला."

"म्हणजे तुझ्या नवऱ्याला."

"हो."

"कधी गेला?"

"गेला कुठं?" म्हातारीच मधे बोलली. "तेच तर. अडकलाय माझा प्यो."

को प्यो उत्तरेला हिरव्या दगडाच्या खाणीत कामाला गेला होता. पावसाळ्यात मातीचा अख्खा डोंगर खाली बसला आणि खालची माणसं गाडली गेली. कुणाची प्रेतं सापडली, कुणाची नाहीत. प्योचं सापडलं नाही. त्याला सहा पावसाळे झाले. असं अवचित मरण आलं की माणसाला आपण मेलोय हेच कळत नाही, तो उपाशी भटकत राहतो. म्हातारीच्या स्वप्नात तो यायचा, तोंडात माती, 'आई, भूक लागलीय' म्हणत. मग म्हातारीच्या तरी घशाखाली घास कसा उतरावा? वाटीभर पेज घ्यायची, तीही सुनेनं चार शिव्या हासडल्यावर. शेवटी गावच्या भंतेंनी सांगितलं, महामुनीला सोनं लावा आणि ते पुण्य पोराला नावानं हाक मारून द्या. जिथं असेल तिथून तो 'साधु' म्हणेल. साधु म्हणाला की सुटला. जिवंत माणसाला ते ऐकू येत नाही, पण म्हणतो.

"आणि नाही म्हणाला तर?" म्हातारीनं मला विचारलं. तोंड माझ्याकडं नव्हतं, खांबाकडं होतं.

"का नाही म्हणणार, आजी? फुकटचा वाटा कोण सोडतो? आमचा सान तर भाताच्या घमेल्याला पण साधु म्हणतो, आणखी वाढतील म्हणून."

म्हातारी हसली. पुढचे दोनच दात होते, ते दिसले. मला बरं वाटलं.

चपला ठेवायच्या निमित्तानं मी सुनेला बाजूला घेतलं. माझी जीभ काही गप्प बसत नाही. "आणि तू गं? इतकी वर्षं हिला धरून बसलीस. दुसरं लग्न नाही केलंस?"

"विचारणारा आहे एक. सुतार आहे गावातला." ती चपलांच्या पट्ट्या उगाच सरळ करत बसली. "पण मावशी, विधवा म्हणावं तर प्रेत नाही, सवाशीण म्हणावं तर नवरा नाही. आणि हिला कुठं टाकू? डॉक्टर म्हणाला, अशीच अन्नावाचून राहिली तर थंडी काढायची नाही. ही पोटभर जेवली पाहिजे, मावशी. एवढंच मागायला आलेय. बाकी माझं मी बघीन."

पान घेऊन ऊ सान पुरुषांच्या रांगेत गेला. मी या दोघींना पडद्यासमोर, पंख्याखालच्या चटईवर आणून बसवलं. तिथं आधीच एक बाई ऐसपैस बसलेली. गोरी, भरल्या अंगाची, केसांत मोगऱ्याचा हा एवढा गजरा, मांडीवर चार वर्षांची पोरगी. म्हातारीला बघून तिनं लगेच पाय आवरले आणि डब्यातला ताडगुळाचा खडा तिच्या हातावर ठेवला.

"घ्या आजी, तोंड गोड करा. दमलेल्या दिसताय."

म्हातारीनं खडा चाचपला, तोंडात टाकला आणि जपमाळ ओढायला लागली. बाईचं नाव मा खाइंग. पार उत्तरेहून, म्यिच्चिनाकडून आलेली. बोलकी तर इतकी की माझीसुद्धा पंचाईत. पोरीला ताप आला होता, मेंदूत जाईल म्हणाले, तेव्हा हिच्या नवऱ्यानं बोलून ठेवलं होतं की पोरगी वाचली तर महामुनीला सोनं लावीन. ते फेडायला आलेत. तो वर गेलाय. "आता दिसतील बघा पडद्यावर. नांदा, बघ हं, बाबा दिसले की हात जोडायचे."

इकडं मा न्वे सासूला सगळं सांगत होती. म्हातारीला पडद्यावरचं दिसत नव्हतं ना, म्हणून एकेक गोष्ट कानात सांगायची. "रांग हलली, आई. दादा चढले. पांढरा सदरा. आता गुडघ्यावर बसले. पान कपाळाला लावलं. आता हात वर नेला. छातीवर... दाबतायत अंगठ्यानं..."

आणि थांबली.

"पुढं? लागलं का पान? बोल की," म्हातारी म्हणाली.

मा न्वेची बोटं माझ्या गुडघ्यात रुतली. मला वाटलं हिला चक्कर आली, उपाशीपोटी प्रवास केलाय. मी पाण्याचा तांब्या पुढं केला तर तिनं तो बघितलाही नाही.

"मावशी," ती म्हणाली, ओठ न हलवता. "दादांच्या बाजूला कोण आहे?"

मी पडद्याकडं बघितलं. ऊ सानच्या शेजारी एक माणूस गुडघ्यावर होता. लाल चौकड्याची लुंगी, मजबूत खांदे. सान त्याला सवयीप्रमाणं कोपरानं सरकवत होता. त्या माणसानं वाकून नमस्कार केला तेव्हा त्याचा डावा कान पडद्यावर मोठा दिसला. पाळी खालून फाटलेली.

"लहानपणी गळ अडकला होता," मा न्वे म्हणाली. "मासे धरताना."

"अगं, वेडी का तू? एका तोंडवळ्याची सात माणसं असतात जगात." पण माझ्याच अंगावर काटा आला होता. म्हातारी मधेच बसलेली, म्हणून आम्ही तिच्या पाठीमागून कुजबुजत होतो. "आणि कान काय एकाचाच फाटतो?"

"मावशी, नवरा आहे तो माझा."

तेवढ्यात मांडीवरची पोरगी टुणकन उठली. पडद्याकडं बोट करून ओरडली, "बाबा! बाबा!"

"दिसले का गं? अगंबाई, दिसले की!" मा खाइंगनं दोन्ही हात कपाळाला लावले. डोळ्यांत पाणी. आम्हाला म्हणाली, "तो बघा ना, लाल चौकड्याची लुंगी. ते आमचे."

मी महामुनीच्या दारात काय काय बघितलंय. सोनं गिळताना पकडलेला माणूस बघितलाय, पायरीवर बाळंत झालेली बाई बघितलीय. पण त्या क्षणाला माझी बोबडी वळली. एका चटईवर दोन बायका, एका पडद्याकडं बघतायत, एकाच माणसाला. आणि मधे त्याची आई ताडगूळ चघळतेय.

मा न्वे मात्र बोलली. आवाज असा की जणू बाजारात भाव विचारतेय. "कुठं भेटले तुला हे?"

"आमची खानावळ होती, माझ्या बापाची. एका पावसाळ्यात आले, नुसते चिखलानं माखलेले, डोळे असे फिरलेले. भात वाढला तर ताटाकडं बघत बसले. मग हळूहळू बापाचा ट्रक चालवायला लागले." मा खाइंगनं आवाज खाली आणला. "घरचं कुणी नाही हो त्यांना. कुठं तरी दरड कोसळली, त्यात सगळी गेली. आई, बायको, सगळी."

"बायकोसुद्धा?"

"हो ना. तिचं नाव विचारलं तर सांगत नाहीत, रडतात. मी पण मग विचारायचं सोडलं. दर वर्षी त्या दोघींच्या नावानं भंतेंना जेवू घालतो आम्ही. मी स्वतः रांधते. बायकोच्या वाट्याचं जरा जास्तच रांधते. म्हटलं, बिचारी तरणीताठी गेली असेल."

मा न्वेनं मान हलवली. आता मला सांगा, यावर माणसानं काय बोलावं? ही जितीजागती बसलीय, आणि शेजारची तिला दर वर्षी मेल्याचं जेवण घालतेय, तेही मनापासून! तिच्यावर चिडावं तर तिचा काय दोष? माझं डोकं फिरलं. मी उठायला लागले. म्हटलं, जाते नि त्या भडव्याच्या मानगुटीला धरून खाली ओढते. मग पुरुषांच्या रेघेवरचा पहारेकरी दिसला आणि आठवलं, आपल्याला तर तिथवरही जाता येत नाही. मुडदा बशिवला त्या रेघेचा! मी तिथूनच हाक मारणार होते. मा न्वेनं मनगट धरून मला खाली बसवलं.

"बोंब मार ना," मी तिच्या कानात म्हटलं. "मार बोंब! हजार माणसं आहेत. चोपतील त्याला."

तिनं नुसतं डोळ्यांनी सासूकडं दाखवलं. म्हातारी माळ ओढत होती, एकेक मणी, सावकाश. तोंडातला गूळ संपलेला.

"न्वे," म्हातारी म्हणाली. "पान लागलं का, ते नाही सांगितलंस."

"लागलं, आई. छातीवर. मधोमध."

"मग वाटा देऊया. पाणी दे माझ्याकडं."

पुरुषांच्या उतरायच्या पायऱ्या बायकांच्या बाजूलाच येतात. ऊ सान आधी आला, हात पुसत, तोंडभर हसत. त्याच्या मागून तो. मा खाइंग हात हलवत होती, "इकडं, इकडं!" पोरगी धावली. त्यानं तिला उचलून कडेवर घेतली, दोन पावलं आला, आणि त्याची नजर मा न्वेवर पडली.

माणसाच्या तोंडावरचा रंग उतरतो म्हणतात, तो मी तेव्हा बघितला. मान आखडली त्याची. मग नजर खाली सरकली, म्हातारीवर. ती पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून बसली होती. तो पळाला नाही. पुढंही आला नाही. पोरगी त्याचा फाटका कान ओढत होती आणि तो तसाच उभा.

मा न्वे उठून उभी राहिली. त्याच्यात आणि तिच्यात एक चटई आणि त्या चटईवर त्याची आई. सहा वर्षं हिनं ज्याच्या आईला सांभाळलं, कुंकू म्हणा काय म्हणा, जे काही असतं ते जपलं, तो समोर उभा. भरलेला, धडधाकट, कडेवर लेक. मला वाटलं, आता ही थोबाडीत देणार. मी देवळात मनातल्या मनात म्हणत होते, दे, दे एकदाची.

म्हातारीनं वाडग्यात पाणी सोडायला सुरुवात केली. बारीक धार. तिचा आवाज एरवी तुटका यायचा, पण आता खणखणीत आला. आसपासच्या लोकांनी आपोआप हात जोडले.

"प्यो. माझ्या लेकरा. तुझी आई बोलतेय, दॉ सॉ यिन. आज महामुनीला सोनं लावलं. हे पुण्य माझं, तुझ्या बायकोचं. जिथं असशील तिथून ऐक. जिथं सुखात असशील तिथं राहा. आमच्याकडं बघत थांबू नकोस. तुझा वाटा घे आणि जा. वाटा घ्या, वाटा घ्या, वाटा घ्या."

"साधु, साधु, साधु," सगळे म्हणाले. ऊ सान म्हणाला, मा खाइंग म्हणाली, रांगेतली अनोळखी माणसं म्हणाली, पोरगी बोबडं म्हणाली.

आणि तोही म्हणाला.

त्याला म्हणायचं नव्हतं, मी शपथेवर सांगते. पण रांगत्या वयापासून कानावर 'वाटा घ्या' पडलं की आमच्या तोंडातून साधु निघतोच. झोपेतून उठवलं तरी निघेल. त्याचा हात तोंडावर गेला तोवर उशीर झाला होता. जाडसर, घशात खरखर असलेला आवाज, सगळ्यांच्या मागून, जरा उशिरानं. साधु.

म्हातारीच्या हातातला पेला रिकामा झाला होता तरी ती तो तसाच तिरका धरून राहिली.

"न्वे," ती म्हणाली. "ऐकलंस?"

मा न्वे त्याच्याकडं बघत होती. तो तिच्याकडं बघत होता आणि मान हलवत होता, नाही, नाही, अशी, एवढीशी. काय मागत होता मेला कोण जाणे. 'सांगू नको' म्हणत होता, का 'माफ कर' म्हणत होता. मी तोंड उघडलं. खरं सांगते, शब्द जिभेवर आला होता.

"ऐकलं, आई," मा न्वे म्हणाली. "म्हणाला तो."

"घेतला ना वाटा?"

"घेतला."

मा खाइंगला यातलं काय कळणार? तिला त्यानं स्वतःचं नाव तरी खरं कुठं सांगितलं असेल! ती गहिवरून नवऱ्याला म्हणाली, "अहो, यांचा मुलगा पण दरडीखाली गेला असेल का हो? या ना, आजींच्या पाया पडा. आपल्या आईच्या जागी आहेत." तो हलला नाही. मग तिनंच पोरीला खाली उतरवून पुढं केलं. पोरगी येऊन म्हातारीपुढं वाकली. म्हातारीनं हात पुढं करून तिचं डोकं चाचपलं. केस, कपाळ, मग गाल. बराच वेळ हात गालावर ठेवला.

"ताप उतरला का गं?"

"हो," पोरगी म्हणाली.

"शहाणी आहेस. आईचं ऐकत जा," म्हातारी म्हणाली आणि हात काढून घेतला.

ती तिघं गेली. मा खाइंग जाता जाता वळून दोनदा नमस्कार करून गेली. तो वळला नाही. खांबाआड त्याचा खांदा दिसेनासा झाला तेव्हा मी मा न्वेला म्हटलं, "काय केलंस हे? सोडलंस त्याला? असा? फुकट?" माझ्या डोळ्यांतून घळघळ पाणी येत होतं, रागानं. तिनं खाली बसून वाडग्यातलं पाणी सांडू न देता उचललं आणि बाहेर झाडाच्या मुळाशी ओतून आली, जसं ओततात तसं. ऊ सान विचारत होता, "काय झालं? पान नीट लावलं ना मी?" त्याला म्हटलं, लावलंस बाबा, फारच नीट लावलंस.

"मला भूक लागलीय," म्हातारी म्हणाली.

मा न्वेनं वाडगा तिथंच ठेवला आणि तिला दंडाला धरून उठवलं.

दक्षिणेच्या दाराबाहेर माझ्या ओळखीच्या बाईचा गाडा आहे, मोहिंगा फार छान करते. माशाचा दाट रस्सा, शेवया, वर कुरकुरीत भजी. म्हातारीनं एक वाटी संपवली. दुसरी मागितली. ओठांच्या कडेनं रस्सा गळत होता, तो हातानं पुसत ती खात होती, घाईनं नाही, पण न थांबता. ती अशी जेवावी म्हणून मा न्वे एवढ्या लांब आली होती. आणि आता तिच्या स्वतःच्या वाटीत शेवया फुगून वर आल्या होत्या. चमच्याला तिनं हातसुद्धा लावला नव्हता.

"न्वे," म्हातारी म्हणाली. "चमचा वाजत नाही तुझा."

"खाते, आई."

"तो सुतार अजून थांबलाय ना तुझ्यासाठी? त्याला सांग, ये म्हणावं."

मा न्वेनं दचकून वर बघितलं. मीही. म्हातारीचे ते दुधाळ डोळे आमच्या दोघींच्या मधल्या जागेवर लागले होते. मला चटईवरचं सगळं आठवायला लागलं, मा खाइंग काय काय बोलली ते, आणि ती बोलत असताना ही मधे बसून माळ ओढत होती ते. दिसत नव्हतं तिला. कान कुणी बंद केले होते?

"आई," मा न्वेचा आवाज फुटला. "तुम्हाला कधी..."

"खा," म्हातारी म्हणाली. "पोरगा माझा मेला, आज मेला. तू कशापायी उपाशी राहतेस?"

आणि तिनं चाचपडत मा न्वेची वाटी शोधली आणि तिच्या पुढ्यात सरकवली.